शिवालिकचं कासव खरंच चार टनांचं होतं का?

हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत ज्याचे जीवाश्म मिळाले, त्या नामशेष महाकाय कासवाचं वजन अनेकदा चार टन सांगितलं जातं, पण तो आकडा जुन्या मोजमापावरचा आहे. या कासवाचं पहिलं वर्णन करणारे निसर्गतज्ज्ञ ह्यू फाल्कनर आणि अभियंते प्रोबी कॉटली (गंगा कालवा बांधणारे तेच कॉटली) यांना अखंड कवच मिळालंच नव्हतं. हाताशी होते ते वेगवेगळ्या कासवांचे तुटके भाग. त्यांवरून प्रमाण लावून त्यांनी कवचाची लांबी सव्वाबारा फूट, म्हणजे जवळपास पावणेचार मीटर धरली.

पुढे १९२० च्या दशकात अमेरिकी जीवाश्म-शोधक बार्नम ब्राउन यांना शिवालिकमध्येच बरंच पूर्ण कवच सापडलं. ते आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत आहे. त्यानंतर अंदाज खाली आले: कवच दोन मीटरच्या आसपास, वजन साधारण टनभर.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. लांबी निम्मी केली तर वजन निम्मं होत नाही, एक-अष्टमांश होतं. त्यामुळे लांबीतली थोडी चूकही वजनात प्रचंड फुगते.

तरीही ज्ञात जमिनीवरच्या कासवांत हेच सर्वांत मोठं, गालापागोसची कासवं याच्यापुढे लहान. लंडनमधले फाल्कनर-कॉटलींचे मूळ तुकडे त्रिमितीय स्कॅन करून ब्राउन यांच्या कवचाशी ताडून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं. एकेक तुकडा कवचातल्या कुठल्या जागेचा, हे आधी ठरलं पाहिजे.