दुसरा नियम जीवसृष्टीच्या आड येतो का?

फोंड्याचा वाचक:
म्हापशात नुकतंच एक व्याख्यान ऐकलं. वक्त्यांचं म्हणणं असं: उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमाप्रमाणे एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढतच जातो, तेव्हा निर्जीव रसायनांतून पेशीसारखी नेटकी रचना आपोआप होणं अशक्य, कर्ता हवाच. मला पटलं. मी देव मानतो, पण इथे प्रश्न श्रद्धेचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. कुणी सरळ उत्तर देईल का?

पेडण्याची शिक्षिका:
दादा, नियम अर्धाच सांगितला गेला. एन्ट्रॉपी घटत नाही ती विलग व्यवस्थेत, जिथे बाहेरून काही येत नाही आणि बाहेर काही जात नाही. पृथ्वी तशी कुठे आहे? सुमारे ५८०० केल्विनच्या सूर्याकडून प्रकाश येतो. जवळजवळ तेवढीच ऊर्जा आपण अवकाशात परत सोडतो, पण सरासरी २५५ केल्विनच्या अवरक्त किरणांतून. आत आलेल्या एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशकणामागे, साधारण २० बाहेर जातात. तीच ऊर्जा जास्त कणांत विखुरून जाते, एन्ट्रॉपी अशी बाहेर टाकली जाते.

आमच्या आगरवाड्याचं मिठागर बघा. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, भरतीचं पाणी आत घेतात, उन्हाने ते उडतं आणि विखुरलेले आयन स्फटिकात रांगेने बसतात. वाफेची एन्ट्रॉपी त्याहून कितीतरी जास्त वाढलेली असते. नियम कुठे मोडला?

साखळीकर:
ताई, मिठाचा दाखला पुरत नाही. स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, एक कोपरा पाहिला की सगळं कळलं. डीएनए तसा नाही. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९४४ मध्येच आनुवंशिक द्रव्याला अनावर्ती, म्हणजे नक्षी पुन्हा पुन्हा न येणारा, स्फटिक म्हटलं होतं. आणि नुसतं ऊन येऊन काय होणार? अतिनील किरण रेणू तोडतातसुद्धा. ऊर्जा कामाला लावणारी यंत्रणा लागते. ती पेशीत असते, कबूल. पहिल्या पेशीच्या आधी कुठे होती?

पेडण्याची शिक्षिका:
हा खरा प्रश्न. पण तो व्याख्यानातल्या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि दोन्ही एकत्र केले की गोंधळ होतो. दुसरा नियम जीवाला मज्जाव करत नाही, इतकंच माझं म्हणणं. जीव कसा घडला हे तो सांगत नाही.

यंत्रणेबद्दल सांगते. २००० साली अटलांटिकच्या तळाशी ‘लॉस्ट सिटी’ नावाची अल्कधर्मी उष्ण झऱ्यांची जागा सापडली. आदिम समुद्र किंचित आम्लधर्मी असेल, तर अशा झऱ्यांच्या सच्छिद्र खनिज भिंतींच्या दोन बाजूंना प्रोटॉनांच्या प्रमाणात फरक पडतो. आपल्या पेशीही अशाच फरकावर एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवतात! पेशी नव्हती तेव्हाही ऊर्जेचा असा उतार निसर्गात असू शकतो. मला हा सगळ्यात जोरकस धागा वाटतो.

साखळीकर:
उतार मिळाला, साखळी नाही. १९५३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली, त्यांच्या लांब साखळ्या म्हणजे प्रथिनं नव्हेत. दोन अमिनो आम्लं जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. भोवती अख्खा समुद्र असताना ती अभिक्रिया उलट दिशेलाच झुकणार. हीसुद्धा उष्मागतिकीच आहे, ताई.

वास्कोचा रसायनवाला:
बरोबर, आणि म्हणूनच काही संशोधक समुद्रतळ सोडून जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या डबक्यांकडे वळले. डबकं सुकलं की पाणी जातं आणि जोडण्या होतात. पुन्हा भिजल्यावर त्या लगेच तुटत नाहीत, कारण अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध साध्या तापमानाच्या पाण्यात शेकडो वर्षं टिकू शकतो. उष्मागतिकी दिशा सांगते, वेग सांगत नाही.

फोंड्याचा वाचक:
म्हणजे त्या व्याख्यानातला युक्तिवाद टिकत नाही. माझी श्रद्धा मात्र त्याच्यावर उभी नव्हतीच, ती तशीच आहे.

पेडण्याची शिक्षिका:
तिला माझा विरोध नाही, दादा. विरोध आहे तो अर्धा नियम पोरांच्या गळी उतरवायला.

साखळीकर:
मी अजून तिथेच आहे. साध्या रसायनांपासून सुरुवात करून स्वतःची प्रत काढणारा आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच माहिती साठवणारा रेणू, आपोआप तयार झाल्याचं कुठल्याही प्रयोगशाळेने दाखवलेलं नाही. ते दाखवलं जाईपर्यंत ‘शक्य आहे’ म्हणा, ‘असंच झालं’ म्हणू नका.