हिवाळ्यात ग्रंथालयाच्या पुस्तकचर्चा गटात जायचंय, आधी काय काय विचारावं?

पानखूण:
जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात महिन्यातून एकदा पुस्तकचर्चा असते. या हिवाळ्यात नाव नोंदवायचा विचार आहे. तीन शंका आहेत. पुस्तक विकत घ्यावं की ग्रंथालयाची प्रत मिळते? पूर्ण वाचून झालं नाही तरी गेलेलं चालतं का? आणि थंडीत बैठका रद्द होतात का?

कोपऱ्यातलं कपाट:
नाव नोंदवण्याआधी ग्रंथपालांना एकच प्रश्न विचारा: गटासाठी प्रतींचा संच वेगळा काढून ठेवतात, की सगळ्यांनी नेहमीच्या रांगेतून पुस्तक मिळवायचं? बाकीचं बरंचसं यावर ठरतं.

संच असेल तर आदल्या बैठकीतच प्रत हातात पडते. रांग असेल तर हिशेब करून बघा. समजा गटात 12 जण, प्रती 3, आणि पुस्तक 14 दिवसांसाठी मिळतं. चार आठवड्यांत एक प्रत फार तर दोघांकडे फिरते, म्हणजे सहा जणांनाच पुस्तक मिळतं. उरलेले सहा रिकाम्या हाताने येतात किंवा येतच नाहीत. मागे कुणाची मागणी नोंदलेली असली की मुदतही सहसा वाढवून मिळत नाही. म्हणून चालू महिन्याचं पुस्तक सोडून पुढच्या दोन महिन्यांची नावं विचारून घ्या आणि त्यांची मागणी आजच नोंदवा. ई-पुस्तकाला रांग नसते असं समजू नका. बहुतेक परवान्यांत एक प्रत एका वेळी एकालाच मिळते.

दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येत असेल तर तेही लवकर करा. त्यात सुट्ट्यांमुळे दिवस वाया जातात.

आवृत्ती नीट पाहून घ्या. संक्षिप्त आवृत्ती किंवा कापलेलं श्राव्य पुस्तक हाती आलं, तर लोक ज्या प्रसंगावर बोलत असतात तो तुमच्याकडे नसतोच. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही जुळवा.

दोन ओळी समासात:
अर्धवट वाचून गेलं तर चालतं, पण सुरुवातीलाच सूत्रसंचालकाला तसं सांगा. शेवट सांगू नका अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. शेवटावर बोलायचं नाही म्हटलं, तर इतरांची निम्मी चर्चाच बंद पडते.

अर्धवट राहतं ते बहुधा उशिरा सुरू केल्यामुळे. 320 पानांचं पुस्तक, प्रत दहा दिवसांनी मिळाली, बैठकीआधीचे तीन दिवस टिपणं चाळायला ठेवले, तर 28 पैकी 15 दिवस उरतात. रोज 22 पानं. पानाला दोन मिनिटं धरली तर पाऊण तास. हे जमण्यासारखं आहे, पण दोन दिवस बुडाले की रोजची पानं 25 होतात.

एक प्रकरण संपलं की दोन ओळी लिहा: काय घडलं, काय खटकलं. नाहीतर बैठकीत शेवटची साठ पानंच आठवतात. पात्रं जास्त असतील तर पहिल्या दिवसापासून नावांची यादी ठेवा. चर्चेत "पान 114 बघा" म्हणून उपयोग नाही, प्रत्येकाची छपाई वेगळी असते. प्रकरणाचा क्रमांक आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द सांगा. ऐकून येणाऱ्यांनी प्रकरण आणि मिनिट टिपून ठेवावं.

सोबत एक खरा प्रश्न न्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही सापडलेलं नाही. "आवडलं का?" या प्रश्नावर दोन मिनिटांत सगळे गप्प होतात. "ती परत का गेली असेल?" यावर अर्धा तास बोलता येतं.

वेळापत्रक:
थंडीबद्दल. अंधार लवकर पडतो, म्हणून बैठक किती वाजता *संपते* ते विचारा आणि परतीचं शेवटचं वाहन बघा. हवामान बिघडलं तर कोण, किती वाजेपर्यंत, कशावर कळवतं? तुमचा नंबर त्या यादीत आहे ना? आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: बैठक पुढे ढकलली म्हणून पुस्तकाची परतीची तारीख आपोआप पुढे जात नाही. ती वेगळी वाढवून घ्यावी लागते.

पानखूण:
खूप उपयोगी माहिती, आभार. गट किती जणांचा असला तर बरा?

कोपऱ्यातलं कपाट:
8 ते 12. दीड तासाच्या बैठकीतली 15 मिनिटं ओळखी आणि पुढचं पुस्तक ठरवण्यात जातात. उरलेली 75 मिनिटं दहा जणांत वाटली तर प्रत्येकी साडेसात येतात. वीस जण असतील तर चारही नाहीत, मग मोठ्याने बोलणारेच बोलतात. असा मोठा गट असेल तर दोन भाग करता येतील का, हे ग्रंथपालांना जरूर विचारा, खोली असेल तर बहुधा नाही म्हणत नाहीत. पाचच्या खाली संख्या गेली की मात्र दोघं सर्दीने घरी राहिले तरी बैठक कोलमडते, आणि हिवाळ्यात ते होतंच.