‘धम्मलिपी’ म्हणजे लिपी की लेख?

साखळीहून विचारणा: रविवारी पाहुण्यांना हरवळ्याचा धबधबा दाखवायला नेलं, तसं पांडवांच्या गुहांतही डोकावलो. तिथल्या शिवलिंगावर जुनी अक्षरं आहेत. भाचा म्हणाला, “मामा, ही पाली लिपी.” त्याचा मित्र म्हणाला, “ब्राह्मी. पण आता धम्मलिपी म्हणायचं.” मी गप्प बसलो. खरा शब्द कुठला?

फोंड्याहून उत्तर: ‘पाली लिपी’ आधी निकालात काढू. पाली ही भाषा. तिची स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली अक्षरांत लिहितात, म्यानमारमध्ये बर्मी, आपल्याकडे नागरीत. गोंयकाराला हे वेगळं सांगायला नको. आपली कोंकणी नागरीत आहे, रोमीत आहे, मंगळूरला कानडीत आहे, आणि जुन्या कागदांत गोयकानडीही सापडते. म्हणून कोणी ‘रोमी भाषा’ म्हणत नाही.

आता धम्मलिपी. हा शब्द खुद्द अशोकाचाच. गिरनारचा ब्राह्मीतला पहिला शिलालेख असा सुरू होतो: ‘इयं धंमलिपी देवानंप्रियेन प्रियदसिना राञा लेखापिता.’ देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा, म्हणजे अशोकच. शेवटचा शब्द पाहा. लेखापिता, म्हणजे लिहवून घेतली. लिपी कोणी लिहवून घेत नाही, लिहवून घेतात तो लेख. याहून पक्का पुरावा शाहबाजगढीला, आजच्या पाकिस्तानात. तिथे हाच मजकूर खरोष्ठी या दुसऱ्या लिपीत, उजवीकडून डावीकडे कोरलाय आणि तोही स्वतःला ‘ध्रमदिपि’ म्हणवतो. अक्षरं निराळी, नाव तेच. तेव्हा धम्मलिपी म्हणजे धर्मलेख, अक्षरांच्या वळणाचं नाव नव्हे.

त्या ‘दिपि’तली गंमत सांगायचा मोह आवरत नाही. हा प्राचीन फारसी शब्द, इराणच्या दारयवहू (डरायस) राजाच्या शिलालेखांतला. शाहबाजगढीत ‘लिखित’च्या जागी ‘निपिस्त’ येतं, तेही तिकडचंच. याच धातूपासून पुढे फारसीत ‘नवीस’ झालं, आणि पेशवाईच्या दप्तरात फडणवीस, चिटणीस बसले ते त्याच घराण्यातले! पाणिनीला मात्र ‘लिपि’ आणि ‘लिबि’ दोन्ही रूपं ठाऊक होती.

डिचोलीहून शंका: मग धम्मलिपी म्हणणारे चुकतात का? आमच्याकडे मुलं हौसेने ही अक्षरं शिकतात, वह्यांवर आपली नावं घालतात. ‘ब्राह्मी’ म्हटलं की त्यांना ब्राह्मणांची वाटते.

फोंड्याहून: हौस चांगलीच. नाव म्हणून रुळलं तर शब्दाला नवा अर्थ चिकटेल, भाषेत हे रोजचंच आहे. फक्त ‘अशोकाने या लिपीला धम्मलिपी म्हटलं’ असं सांगू नये. आणि ब्राह्मी नावाचं म्हणाल, तर तेही अशोकाच्या लेखांत नाही. ते जपलं कोणी? ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात बोधिसत्त्व, म्हणजे बालपणीचा सिद्धार्थ, पाठशाळेत जातो आणि गुरूला 64 लिप्यांची नावं ऐकवतो. त्यात पहिली ब्राह्मी, दुसरी खरोष्ठी. जैन आगमांच्या यादीतही ‘बंभी’, म्हणजे ब्राह्मीच, आहे. त्यामुळे नावावरून भांडण्याइतकं त्यात काही नाही.

साखळीहून पुन्हा: लिपी म्हणजे लेख, तर लिहिणाऱ्याला काय म्हणत?

फोंड्याहून: लिपिकर. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या एका लिपिकराची सही आहे. सगळा मजकूर ब्राह्मीत, शेवटचा ‘लिपिकरेण’ एवढा एकच शब्द खरोष्ठीत. मला दुसरीही येते, हे दाखवल्याशिवाय गड्याला राहवलं नसावं. नोकरीच्या जाहिरातीत ‘कनिष्ठ लिपिक’ वाचाल तेव्हा त्याची आठवण काढा.

हरवळ्याची अक्षरं मात्र अशोकानंतर साधारण नऊशे वर्षांची, सातव्या शतकाच्या आसपासची. वंश ब्राह्मीचाच, वळण बदललेलं. भाच्याच्या मित्राने ‘ब्राह्मी’ म्हटलं तिथवर त्याचं बरोबर होतं.