गणवेश उतरला, टेस्टर खिशातच राहिला: तुमचे अनुभव लिहा

कोरडी_तार (धागाकर्ता)

सैन्यात विजेचं काम करून बाहेर पडलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा धागा. युद्धकथा नकोत, त्या लग्नकार्यात पुरेशा सांगून झाल्यात. रोजच्या कामात तिथलं काय उरलं, ते लिहा.

सुरुवात मी करतो. बावीस वर्षं जनरेटर आणि रडारचे पॉवर सप्लाय सांभाळण्यात गेली. बाहेर पडल्यावर पहिल्याच महिन्यात एका कारखान्यात पॅनेल उघडायचं होतं. फोरमन म्हणाला, "सप्लाय बंद केलाय साहेब, घाला हात." मी टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावला, पेटला. मग पॅनेलमध्ये लावला. तिथेही पेटला! मेन स्विच खरंच बंद होता, पण शेजारच्या शेडचा जनरेटर कुणीतरी तात्पुरत्या केबलने जोडून ठेवला होता आणि तिकडून वीज उलटी येत होती. ती केबल काढून पुन्हा तोच क्रम केला: चालू पॉइंट, पॅनेल, परत चालू पॉइंट. हे शेवटचं बहुतेक जण गाळतात. मधल्या मधे टेस्टरच मेला असला तर?

फोरमन मात्र तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं, मी त्याला खोटं पाडलं. तिकडे असं तपासलं नाही तर बोलणी बसायची, इकडे तपासलं म्हणून बसली.

तीन_दिवे

नौदल, इलेक्ट्रिकल. आमच्या जहाजावर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला (म्हणजे 'अर्थ' केलेला) नाही. जमिनीवरच्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो. कारण साधं आहे: एक फेज (तीन वीजतारांपैकी एक) जहाजाच्या सांगाड्याला टेकला तरी काही ट्रिप होत नाही, पंप आणि सुकाणू चालू राहतात. पण तो पहिला दोष शोधून काढावाच लागतो, कारण दुसऱ्या फेजला दोष आला की थेट शॉर्ट. त्यासाठी स्विचबोर्डवर तीन दिवे असतात. तिन्ही सारखे, तर ठीक. एक मंदावला आणि दोन उजळले, तर मंदावलेल्या फेजला कुठेतरी गळती.

एकदा पहाटे तसंच झालं. एकेक फीडर (एकेका भागाला वीज नेणारी लाइन) बंद करायचा, दिव्यांकडे बघायचं, परत चालू करायचा. प्रत्येक फीडर बंद करण्याआधी ब्रिजची (जिथून जहाज चालवतात ती खोली) परवानगी. दोन तासांनी डेकवरचा एक दिवा सापडला. केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथलं घट्ट बूच) ढिली, आत खारं पाणी. चमचाभरसुद्धा नसेल.

आता नोकरीत अर्थ फॉल्ट झाला की ब्रेकर क्षणात उडतो. जमिनीवर तेच बरोबर आहे, कळतं मला. तरी दर वेळी मनात येतं, अरे, शोधू तरी दे!

चारशे_हर्ट्झ

वरचं सगळं छान आहे, पण दुसरी बाजूही लिहितो. मी विमानांवर होतो. ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी वाढवली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी लहान, हलक्या होतात, आणि विमानात वजनाला मोल. या विषयात मला रात्री उठवून विचारा.

नोकरीच्या मुलाखतीत विचारलं ३३ केव्हीच्या (३३ हजार व्होल्ट) स्विचयार्डबद्दल, म्हणजे मोठे स्विच आणि ब्रेकर असतात त्या आवाराबद्दल. मी ते आतून कधी पाहिलंच नव्हतं. वीस वर्षांच्या अनुभवाचं त्यांच्या फॉर्ममध्ये वर्ष धरलं शून्य. माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलाच्या हाताखाली सुरुवात केली. मुलगा चांगला होता, हे माझं नशीब. मी त्याला वायरिंगची शिस्त दाखवली, त्याने मला रिले सेटिंग (दोष आला की ब्रेकर कधी उडवायचा ते ठरवणं) शिकवलं. पण पहिले सहा महिने मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं की चहाच्या सुट्टीत मी एकटा बसतो.

बाहेर पडणाऱ्यांना एकच सांगतो, पदाचं नाव सांगू नका, काम सांगा. 'फ्लाइट लाइन सांभाळली' यातून बाहेरच्याला काही कळत नाही. किती केव्हीएचे (क्षमतेचे) संच, कुठले दोष, किती माणसं, हे सांगा.

उंचावरची

बर्फातल्या ठाण्यावर दोन हिवाळे. विरळ हवेत डिझेल जनरेटर पूर्ण ताकद देत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. हीटर लावल्यावर दिवे मान टाकतात तेव्हा ते समजतं. आणि बॅटरी: चार्ज असलेली शिसे-आम्ल बॅटरी कडक थंडीत टिकते, पण उतरलेली शून्याखाली थोड्याच अंशांत गोठते, कारण तिच्यातलं आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं. एका सकाळी तीन बॅटऱ्यांची कवचं तडकलेली. चूक माझीच, आदल्या रात्री चार्जिंगची नोंद न बघता सही केली होती. तेव्हापासून न बघता सही नाही. बँकेतही नाही, मागे रांग खोळंबते.

वाचनमात्र

मी फौजी नाही, नुसता वाचक. एक भर. रेडिओचा सुपरहेटरोडाइन रिसीव्हर एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधला, तेव्हा तो पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये (संदेशवहन विभाग) होता. १९५८ मध्ये इंटिग्रेटेड सर्किट (एकाच चिपवर अख्खं सर्किट) करणारा जॅक किल्बी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात रेडिओ दुरुस्त करत होता; नोबेल मिळालं २००० साली. कॉम्प्युटरच्या माउसवाला डग एंगलबार्ट नौदलात रडार तंत्रज्ञ. यांचंही अनुभवाचं वर्ष शून्य धरलं असेल का कुणी?

लेक_बोलतेय

बाबा जनरेटरवर होते, कानांना काही न लावता. आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी वरच्या पट्टीतली जाते, ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणून त्यांना ट्रान्सफॉर्मरची घरघर स्पष्ट ऐकू येते, पण नातीचे 'स' आणि 'श' येत नाहीत. ती 'साखर' म्हणते, ते 'आखर?' विचारतात. जनरेटरचा सूर जरा बदलला की मात्र झोपेतून उठून म्हणतात, "लोड वाढला." कानाला यंत्र लावा म्हटलं तर म्हणतात, मला सगळं ऐकू येतं. त्यांच्या परीने खरंही आहे.

कोरडी_तार

लेक, वाद घालू नका. कानांच्या तपासणीचा आलेख हातात द्या, नातीचे उच्चार कुठल्या पट्टीत येतात त्यावर खूण करा. आपली माणसं आलेखाशी भांडत नाहीत.

लेक_बोलतेय

देते. आत्ता त्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. जहाजाच्या दिव्यांपाशी थांबवून म्हणाले, "तो मंदावलेला दिवाच गेला नव्हता ना, विचार त्याला."

तीन_दिवे

बाबांना सांगा, तो आधी बदलून पाहिला होता. आणि दिवाच गेला असता तर बाकीचे दोन उजळले नसते.