वुडनब्रिजचं ते भाषण: रेडमंडची घोडचूक की दुसरा इलाजच नव्हता?

पाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

रविवारी एका मित्राशी चहावर सुरू झालेला वाद जेवणापर्यंत पुरला, म्हणून इथे टाकतो.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१०च्या दोन निवडणुकांनंतर ब्रिटनमध्ये लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह जवळपास बरोबरीत अडकले. अ‍ॅस्क्विथचं लिबरल सरकार तगलं ते जॉन रेडमंडच्या आयरिश पक्षाच्या सत्तरेक खासदारांवर. त्याची किंमत म्हणून १९१२मध्ये होमरूलचं, म्हणजे आयर्लंडला स्वतःचं पार्लमेंट देणारं, विधेयक आलं. वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, ते दोनदा फेटाळलं, पण १९११च्या पार्लमेंट अ‍ॅक्टनंतर त्यांना फक्त उशीर करता येत होता. १८ सप्टेंबर १९१४ला राजाची संमती मिळाली. त्याच दिवशी दुसरा कायदा करून अंमलबजावणी किमान वर्षभर, आणि नुकतंच पेटलेलं पहिलं महायुद्ध लांबलं तर ते संपेपर्यंत, खुंटीला टांगली. होमरूल नको म्हणणाऱ्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांताचं काय ते नंतर बघू म्हणे.

आता गंमत बघा. दोनच दिवसांनी रेडमंड घरी चालला होता. वाटेत विकलो परगण्यात वुडनब्रिजला आयरिश स्वयंसेवक (होमरूलच्या बाजूने उभं राहिलेलं दल) जमलेले दिसले. गडी थांबला आणि उत्स्फूर्तपणे सांगून बसला की फक्त आयर्लंड राखू नका, लढाईची फळी जिथवर जाईल तिथे जाऊन लढा. झालं! दल उभं फुटलं. दीडेक लाख रेडमंडकडे राहिले, दहा-बारा हजार दलाच्या संस्थापकांपैकी ऑइन मॅकनीलबरोबर बाहेर पडले. १९१६चा डब्लिनमधला ब्रिटिशांविरुद्धचा ईस्टरचा उठाव पुढे त्या दहा-बारा हजारांतून निघाला.

माझं मत: हातात कागद, तोही पुढच्या तारखेचा, आणि बदल्यात माणसं रोखीने. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, आणि हा जेवून तृप्त!

तळ्यातमळ्यात

साफ असहमत. निकाल माहीत असताना १९१४च्या माणसाला अक्कल शिकवणं सोपं असतं.

३ ऑगस्टला रेडमंडने कॉमन्समध्ये सांगितलं होतं की आयर्लंडमधलं सैन्य खुशाल काढून न्या, उत्तर-दक्षिणेचे स्वयंसेवक मिळून किनारा सांभाळतील. तेव्हा विरोधी बाकांवरूनही टाळ्या पडल्या. त्याचा हिशेब सरळ होता. युनियनिस्टांचा (ब्रिटनशी जोड टिकवू पाहणाऱ्यांचा) पुढारी कार्सन, त्याचे अल्स्टरवाले लढायला जाणार हे नक्की. आपण घरी बसलो, तर युद्धानंतर कोणत्या तोंडाने म्हणणार की आयर्लंड एकसंध ठेवा? एका खंदकात राहिलेली माणसं एका पार्लमेंटमध्ये बसतील, ही त्याची आशा. भाबडी म्हणा, मूर्ख म्हणू नका.

त्या आशेचा गळा कुणी घोटला ते बोला. कार्सनच्या फौजेतून ३६वी अल्स्टर डिव्हिजन उभी राहिली, स्वतःच्या अधिकाऱ्यांसह, लाल पंजाच्या चिन्हासह. रेडमंडने दक्षिणेसाठी तसंच मागितलं तर युद्धमंत्री किचनरने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. आणि कॉन्झर्व्हेटिव्ह? युद्धात पक्षीय भांडणं बंद असं ठरलेलं असताना, १५ सप्टेंबरला होमरूल कायद्याच्या पुस्तकात जाणार म्हटल्यावर बोनार लॉ आपला अख्खा पक्ष घेऊन सभागृहाबाहेर चालता झाला. शत्रू बेल्जियममध्ये, आणि यांचा सभात्याग लंडनमध्ये!

चष्मा_विसरलेला

+१. फक्त गोष्ट दोन वर्षं मागे न्या. जुलै १९१२मध्ये ब्लेनहाइमच्या सभेत याच बोनार लॉने जाहीर केलं होतं की अल्स्टर विरोधात कुठल्याही थराला गेलं तरी मी पाठीशी आहे. अधिकृत विरोधी पक्षनेता, पार्लमेंटच्या कायद्याविरुद्ध! मार्च १९१४मध्ये आयर्लंडमधल्या ‘करा’ (Curragh) या लष्करी तळावर पन्नासच्या वर अधिकारी म्हणाले, अल्स्टरवर चालून जाण्यापेक्षा नोकरी सोडतो. एप्रिलमध्ये लार्न बंदरात रातोरात पंचवीसेक हजार बंदुका उतरल्या, कुणी हटकलंही नाही. जुलैमध्ये डब्लिनजवळ होथला राष्ट्रवाद्यांनी नऊशे उतरवल्या, तर त्याच संध्याकाळी बॅचलर्स वॉकवर सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, तीन माणसं जागीच गेली.

म्हणून म्हणतो, वुडनब्रिजला काय बोलला याने फार फरक पडला नसता. अ‍ॅस्क्विथने सगळं घोंगडं भिजत ठेवलं होतं.

लिननचा_सदरा

वा, म्हणजे नेहमीप्रमाणे अल्स्टरला खलनायक करून सगळे मोकळे. जरा त्यांच्या ओसरीवर बसून बघा.

सप्टेंबर १९१२च्या होमरूलविरोधी प्रतिज्ञापत्रांवर बायका-पुरुष मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या आहेत. ही काही लंडनच्या क्लबातली कारस्थानं नव्हेत. बेलफास्टची जहाजबांधणी, लिननच्या गिरण्या, सगळं ब्रिटिश बाजारावर चालणारं. डब्लिनच्या शेतकरी-कॅथलिक पार्लमेंटने उद्या जकात बसवली तर? धर्माची भीती वेगळीच. ती खरी होती की फुगवलेली यावर वाद घाला, पण ती होती. आणि ज्यांना तुम्ही अडवे म्हणता त्यांच्या ३६व्या डिव्हिजनने फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत १ जुलै १९१६ आणि दुसऱ्या दिवशी मिळून पाच हजारांवर माणसं मृत-जखमी-बेपत्ता घातली.

आणखी एक, जे इथे कुणी बोलत नाही. १९१६च्या उन्हाळ्यात लिबरल मंत्री लॉइड जॉर्जने तोडगा काढला: सहा परगणे वगळून बाकीच्या आयर्लंडला ताबडतोब होमरूल. कार्सन तयार होता. बोनार लॉ तयार होता. मोडता घातला तो लॅन्सडाउन आणि वॉल्टर लाँग यांनी. लॅन्सडाउन दक्षिणेतला बडा जमीनदार, लाँगची ऊठबसही दक्षिणेतल्या युनियनिस्टांत. म्हणजे अल्स्टरने नाही बुडवलं, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या आपापसातल्या फुटीने बुडवलं.

पाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

@लिननचा_सदरा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. लॉइड जॉर्जने रेडमंडला भासवलं की सहा परगणे तात्पुरते बाहेर. कार्सनला मात्र लेखी दिलं की युद्धानंतर अल्स्टर, मनात असो-नसो, आयर्लंडात विलीन होणार नाही. एकाच घराचा दोघांशी सौदा करणारा एजंट आमच्या सोसायटीतही होऊन गेला, त्याला निदान रहिवाशांनी जिन्यात गाठलं!

आणि या तात्पुरत्या शब्दावर रेडमंडने काय केलं? २३ जूनला बेलफास्टला अल्स्टरमधल्या राष्ट्रवाद्यांची सभा. आपलेच जे लोक होमरूलमधून वगळले जाणार, त्यांच्याकडूनच होकार घ्यायचा. बेलफास्टचा राष्ट्रवादी पुढारी जो डेव्हलिनने आपलं वजन खर्च केलं, रेडमंडने राजीनाम्याची धमकी दिली. ४७५ विरुद्ध २६५ असा ठराव पास. महिन्याभरात लंडनने तोडगाच गुंडाळला. तेलही गेलं, तूपही गेलं. उत्तरेतल्या त्या लोकांनी मग याला का मत द्यावं? माझा मुद्दा तोच आहे. वुडनब्रिज एकदा घडलं नाही, तो दर वेळी वुडनब्रिजच करत राहिला.

टिळकवाडी_४थं_रेल्वेगेट

धागा आवडला. आमच्या गावाचा संबंध येतो म्हणून चार ओळी.

टिळकांनी होमरूल लीग बेळगावात काढली, २८ एप्रिल १९१६, प्रांतिक परिषदेच्या मांडवात. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा. नाव आयरिशच. त्याच शुक्रवारी डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस आगीत होतं आणि उठाववाले तिथून बाहेर पडत होते. एकीकडे शब्द जन्माला येतोय, दुसरीकडे तो जळतोय, असं मला नेहमी वाटतं. (बेळगावला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.)

लोकमान्यांनीही १९१४ला मंडालेहून सुटल्यावर युद्धात सरकारला मदतीची भाषा केली होती. पण १९१८मध्ये गांधीजी बिनशर्त भरतीला निघाले, तेव्हा टिळकांनी त्यांना पन्नास हजारांचा चेक पाठवला: सरकारकडून हिंदी माणसांना अधिकारपदं देण्याचं वचन आणा, पाच हजार मराठे मी देतो, नाही दिले तर हे पैसे जप्त. गांधीजींनी चेक परत केला, मदतीत सौदा नको म्हणून. रेडमंड या दोघांत गांधीजींच्या बाजूला बसतो. धागाकर्त्याशी सहमत.

तळ्यातमळ्यात

चेकची गोष्ट भारी, तुलना लंगडी. टिळकांच्या हातात ब्रिटिश सरकार पाडण्याइतके खासदार नव्हते, त्यामुळे घासाघीस करायला ते मोकळे. रेडमंडने १९१४च्या सप्टेंबरात अट घातली असती, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक इंग्लिश वर्तमानपत्रात देशद्रोही ठरला असता, आणि लिबरलांना हवंच असलेलं निमित्त मिळालं असतं. मे १९१५ला संयुक्त सरकार झालं, तेव्हा कार्सन अ‍ॅटर्नी जनरल होऊन आत बसला. रेडमंडलाही मंत्रिपद देऊ केलं, त्याने नाकारलं. चूक शोधायचीच असेल तर ती तिथे. युद्धाला हो म्हटलं, खुर्चीला नाही. उलट करायला हवं होतं.

पाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

हे मात्र विचार करण्यासारखं आहे. पण ब्रिटिश मंत्री झालेला आयरिश पुढारी घरी तोंड कसं दाखवणार?

लिफीकाठचा_सदाशिवपेठी

सहा वर्षं डब्लिनात आहे. ऑफिसला जाताना त्याच पोस्ट ऑफिसवरून बस जाते. दर्शनी खांबांवर गोळ्यांचे खड्डे आहेत, बोट घालून बघता येतात. पाहुणे आले की मी त्यांना घालायला लावतो. रेडमंडचा मात्र इथे कुणी फारसा विषय काढत नाही.

तुमच्या वादात एक माणूस राहिला. जॉनचा धाकटा भाऊ विली रेडमंड, ईस्ट क्लेअरचा खासदार. दुसऱ्यांना जा म्हणायचं आणि आपण मागे राहायचं हे त्याला जमलं नाही, पन्नाशी उलटल्यावर भरती झाला. ७ जून १९१७ला मेसिनच्या लढाईत दक्षिणेची १६वी आणि अल्स्टरची ३६वी डिव्हिजन शेजारी-शेजारी चालून गेल्या. विली पडला, ५६ वर्षांचा. त्याला उचलून मागे आणलं ते अल्स्टरच्या स्ट्रेचरवाल्यांनी. जॉनची आशा खरी ठरली ती अशी.

महिन्याभराने पोटनिवडणूक. ईस्टरच्या उठावात लढलेला, तुरुंगातून नुकताच सुटलेला शिन फेनचा (आयर्लंड स्वतंत्र करू पाहणाऱ्या पक्षाचा) डी व्हॅलेरा ५,०१० मतं घेऊन निवडून आला, होमरूलवाल्याला २,०३५. मार्च १९१८ला जॉन गेला. एप्रिलमध्ये लंडनने आयर्लंडवर सक्तीच्या भरतीचा कायदा लादला, तेव्हा आयरिश पक्ष नवा नेता डिलनच्या मागे सभागृह सोडून घरी आला, म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात बसूच नका, हे शिन फेन जे पहिल्यापासून सांगत होतं तेच. डिसेंबरात शिन फेन ७३, रेडमंडचा पक्ष ६.

विलीची कबर बेल्जियममध्ये लोकर (Loker) नावाच्या गावी आहे. मागच्या वर्षी गेलो होतो. लष्करी स्मशानाच्या आत नाही, बाहेर, एकटीच, वाट शोधावी लागते.

पाटावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

विलीबद्दल एक अक्षर बोलत नाही. जॉनबद्दलचं मत कायम.