आधी दुखतंय का ते बघा
अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवलेला कुत्रा अचानक उडी मारायला घाबरू लागला, तर अडथळ्याची दांडी जमिनीवर ठेवून पहिल्यापासून सुरुवात करा, असा सल्ला देतात, आणि तो चांगलाच आहे. पण 'कालपर्यंत उडी मारत होता, आज अचानक घाबरतो' असं असेल तर मला आधी भीतीचा नाही, दुखण्याचा संशय येतो. आमची कुत्री एके दिवशी अडथळ्यापाशी येऊन बाजूने निघून जायला लागली. मी महिनाभर खाऊ दाखवून तिला पटवत बसलो (आता आठवलं की लाज वाटते). डॉक्टरांनी मागचा पाय मागे ताणला तेव्हा ती कळवळली. इलिओसोआस, म्हणजे कमरेच्या मणक्यापासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा स्नायू दुखावला होता. लंगडत अजिबात नव्हती, आणि साध्या एक्स-रेत स्नायूची दुखापत दिसत नाही, त्यामुळे हे सहज निसटतं.

बरी झाल्यावरही ती बिचकायचीच, कारण उडी म्हणजे दुखणार हे डोक्यात बसलेलं. तेव्हा मात्र जमिनीवरच्या दांडीनेच काम केलं. फक्त खाऊ हातात धरू नका, कुत्रा तुमच्याकडे मान वळवून उडतो आणि दांडी पाडतो. खेळणं दांडीच्या बरंच पुढे टाका, म्हणजे नजर सरळ राहते.