होम्सच्या कथांमध्ये वाचकाला कोडं सोडवायची संधी मिळते का?

मुक्ता_वाचते:
माझं मत, डिटेक्टिव्ह गोष्टीची खरी मजा लघुकथेतच आहे, कादंबरीत नाही, आणि दुसऱ्यांदा वाचताना तर जास्तच येते. 'सिल्व्हर ब्लेझ' घ्या (१८९२, स्ट्रँड मासिक). पुढे रहस्य फोडतेय, वाचली नसेल तर इथेच थांबा. डार्टमूरच्या तबेल्यातून रेसचा घोडा गायब, ट्रेनर मेलेला, आणि पहाऱ्यावरच्या पोऱ्याच्या जेवणात अफू. जेवण काय, तर मटण करी! होम्स हे ट्रेनमध्येच सांगून टाकतो आणि आपण सरळ पुढे जातो. साध्या जेवणात अफूची चव लगेच कळली असती, मसाल्यात ती लपली, मग त्या रात्री करीच करायची हे बाहेरचा माणूस कसं ठरवणार? म्हणजे घरातलंच कोणीतरी. सगळं समोर होतं हो.

तर्कट:
नाही पटलं. तुम्ही नेमकी प्रामाणिक कथा निवडलीत. 'रेड-हेडेड लीग'मध्ये होम्स दुकानातल्या नोकराच्या पँटचे गुडघे बघतो, वॉटसन विचारतो काय दिसलं, तर म्हणे अपेक्षा होती तेच. गुडघे मळलेले, झिजलेले होते, कारण तो तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणत होता, हे आपल्याला कधी कळतं? शेवटी! ही लपवाछपवी झाली. आणि 'स्पेकल्ड बँड'मधला भारतातून आणलेला साप बशीतलं दूध पितो. साप दूध पीत नाहीत हे आपल्याकडे नागपंचमीला सर्पमित्र सांगून सांगून थकले.

जुना_वाचक:
मी होम्स आधी भालबा केळकरांच्या मराठीतून वाचला, त्यामुळे माझा जीव जरा जास्तच आहे त्यात. तर्कट, वाचकाला प्रत्येक धागा दाखवलाच पाहिजे हा नियम रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने लिहून काढला १९२९ मध्ये. नंतरच्या काळाची मोजपट्टी १८९१ च्या 'रेड-हेडेड लीग'ला कशाला लावायची? मला तर होम्सच्या त्या बेकर स्ट्रीटच्या खोलीत जाऊन बसायला आवडतं, चोर कोण ते आठवत असलं तरी.

मुक्ता_वाचते:
गुडघ्यांचं मान्य, ते लपवलंच. पण नोकर अर्ध्या पगारावर कामाला आलाय, फोटोच्या नादाने सारखा तळघरात जातो आणि मालकाला मात्र विश्वकोश उतरवून काढायला आठवड्याला ४ पौंड देऊन रोज दुकानाबाहेर काढलं जातं, एवढं सगळं पहिल्या भेटीतच सांगितलंय की. कुठली बँक ते नाही कळणार, पण दुकान रिकामं हवंय आणि तळघरात काहीतरी चाललंय इथपर्यंत वाचक नक्की पोचू शकतो.

तर्कट:
पोचतो, कारण माणसंच तीन-चार असतात, दुसरं कोण असणार? अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीत दहा जणांवर संशय घ्यायला निवांत वेळ मिळतो, मी दोनदा-तीनदा मत बदलतो, ती मजा वीस पानांत बसतच नाही.

सोनचाफा:
माणसं कमी म्हणून सोपं? मग चेस्टरटनच्या फादर ब्राउनची, म्हणजे गुन्हे उलगडणाऱ्या पाद्रीची, 'द इनव्हिजिबल मॅन' ही कथा वाचा. (हिचंही रहस्य फोडतेय.) चार माणसं इमारतीवर लक्ष ठेवून असतात, चौघंही शपथेवर सांगतात की आत कोणी गेलंच नाही, आणि खुनी त्यांच्यासमोरूनच गेलेला असतो, पोस्टमन बनून! पोस्टमनला कोणी 'माणूस' म्हणून मोजतच नाही. हे वाचल्यापासून सोसायटीच्या गेटवर कुरिअरवाल्या पोरांचे चेहरे मी मुद्दाम बघते. हीच गोष्ट तीनशे पानांची केली असती तर तो पोस्टमन कुणाच्याही नजरेत आला असता.

तर्कट:
ही वाचलेली नाही. रहस्य कळलं तरी आज रात्री वाचतो, मग बोलू. सापाच्या दुधावर मात्र मी ठाम आहे.